हिमोफिलिया: गुडघ्यात ब्लीड झाल्यावर मांडीची ताकद आणि चाल कशी सांभाळावी

हिमोफिलिया म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार. त्यात गुडघ्यात रक्त उतरलं, म्हणजे ब्लीड झाला, की सगळं घर सुजेकडे पाहत राहतं. चाल बिघडते ती मात्र मांडीपासून. सांध्यात रक्त साचून ताण आला की तिथल्या नसा पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला तसं कळवतात आणि मांडीच्या पुढच्या स्नायूला जाणारे संदेश कमी होतात. दुखणं थांबलं तरी, थोडीशी सूज उरली असली तरी हे चालूच राहतं. म्हणून ‘अरे, पाय सरळ कर, जोर लाव’ असं मुलावर ओरडू नका. तो टाळत नाही, स्नायूच साथ देत नाही.

त्यात गुडघा थोडा वाकवून ठेवला की आराम वाटतो, म्हणून खाली उशी येते. ती आठवडाभर राहिली तर गुडघा तसाच आखडतो. मग तो पाय आखूड पडतो, टाच टेकत नाही, मूल चवड्यावर चालतं आणि सगळा भार घोट्यावर जातो. पुढचा ब्लीड घोट्यात होण्याची वाट अशी तयार होते. शिवाय रक्तातलं लोह सांध्याच्या अस्तरात साठून अस्तर जाड होतं आणि सहज रक्त सोडू लागतं. एकाच सांध्यात सहा महिन्यांत 3 वेळा आपोआप रक्तस्राव झाला तर त्याला ‘टार्गेट जॉइंट’ म्हणतात. तिथवर पोचू न देणं हेच खरं काम.

मुंग्या येणं, गरम लागणं, सांधा जड वाटणं सुरू झालं की सूज दिसायची वाट न बघता डॉक्टरांनी ठरवून दिलेला फॅक्टर, म्हणजे रक्त गोठायला मदत करणारं औषध, घ्या. बर्फ फडक्यात गुंडाळून 15 मिनिटं, पाय उंच, पायावर भार नाही. गरम शेक, मालिश, हाडवैद्याकडून पाय ओढून घेणं पूर्ण बंद. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालतं. ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन नाही.

रक्तस्राव थांबून दुखणं उतरू लागलं की, डॉक्टरांना विचारून, मांडीचं काम सुरू करा. पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची छोटी गुंडाळी ठेवा, ती खाली दाबा, 5 सेकंद धरा, सोडा. असं 10 वेळा, दिवसातून तीनदा. गुंडाळी फक्त व्यायामापुरतीच, नंतर काढून टाका. दाबताना वाटीच्या वर आतल्या बाजूला बोट ठेवा. तिथला स्नायू घट्ट झाला नाही तर व्यायाम नुसता दिसायला होतोय. मग पाय सरळ उचलून पाहा. हाताचा हलका आधार दिला की गुडघा सरळ होतो, पण स्वतः उचलताना वाकतो? मग मांडी अजून तयार नाही, कुबडी सोडायची घाई नको. गुडघा हाताने दाबून कधीच सरळ करू नका. त्यानेच नवा ब्लीड होतो. आखडलेला गुडघा फिजिओथेरपिस्ट स्प्लिंट (सांध्याला आधार देणारी पट्टी) बदलत, हळूहळू सरळ करतात. पुण्यात ससून रुग्णालयात फॅक्टरसाठी जाणार असाल तर त्याच खेपेत फिजिओथेरपीचंही विचारा.

सांध्याला आपली जागा ओळखण्याची जाणीवही कमी झालेली असते, त्यामुळे सपाट रस्त्यावरही पाय मुरगळतो. पूर्ण भार देऊनही दुखत नसेल तेव्हा ओट्याला हात धरून एका पायावर 10 सेकंद उभं राहायचा सराव करा. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा. पेठेतल्या वाड्यांचे उंच जिने आणि पीएमपी बसच्या पायऱ्या याच क्रमाने. सुरुवातीला पर्वतीची चढण नको, सारसबागेतली सपाट वाट पुरे.

एक गोष्ट मात्र घरी थांबून बघायची नाही. जांघेत किंवा खालच्या पोटात दुखतंय, मूल कंबरेत वाकून चालतंय, मांडी सरळ करू देत नाही, मांडीच्या पुढच्या भागाला बधिरपणा आहे: हा पोटाच्या मागच्या सोआस स्नायूतला रक्तस्राव असू शकतो. उजव्या बाजूला तो अपेंडिक्ससारखा वाटतो. लगेच फॅक्टर द्या, चालणं बंद करा आणि रुग्णालय गाठा. सोनोग्राफीत रक्त विरल्याचं दिसेपर्यंत व्यायाम नाही.