रेटिक कोरीव लेखांतले ठिपके आणि जोडलेली अक्षरे कशी ओळखावीत

इटलीतला त्रेन्तिनो-बोल्झानो भाग, त्याला लागून असलेला वेनेतोचा काही भाग आणि ऑस्ट्रियातले टायरॉल या डोंगराळ मुलखात रेटिक या प्राचीन, आता लुप्त झालेल्या भाषेतले कोरीव लेख सापडतात. इ.स.पू. १५ मध्ये रोमनांनी हा मुलूख जिंकला. बहुतेक लेख त्याआधीच्या चार-पाच शतकांतले. 'शिलालेख' म्हणावे तर दगडावरचे थोडेच, जास्त करून ब्राँझची भांडी, छोट्या मूर्ती आणि माग्रे इथल्या हरणाच्या शिंगांवरचे. मजकूर जेमतेम एक-दोन ओळींचा, त्यामुळे एक ठिपका चुकीचा वाचला तरी अर्थ फिरतो.

१. आधी दिशा ठरवा. बहुतेक लेख उजवीकडून डावीकडे जातात. रोमन E सारख्या दिसणाऱ्या 'ए' अक्षराचे आडवे दात सहसा लेखाच्या दिशेने वळलेले असतात. एकाच अक्षरावर विसंबू नका. एखादे अक्षर उलटे किंवा पालथेही कोरलेले असते.

२. ठिपके तपासा. शब्द तोडायला कधी एक ठिपका, कधी एकाखाली एक दोन-तीन ठिपके, कधी आखूड रेघ असते. पुष्कळ लेखांत काहीच नसते. खूण खरी आहे का, हे बघायला फोटो काढताना वस्तूवर बाजूने तिरपा प्रकाश हवा. ठिपक्याची खोली आणि कड शेजारच्या अक्षरांसारखी असेल तर तो कोरणाऱ्याचा. नाहीतर गंजाचा खड्डा समजा. आखूड रेघेने जास्त फसगत होते, कारण 'इ' हे अक्षर म्हणजेही एक उभी रेघ. 'इ' सहसा इतर अक्षरांइतकी उंच असते.

शेजारच्या वेनेटिक भाषेतल्या लेखांतले ठिपके मात्र शब्द तोडत नाहीत. तिथे 'दोनास्तो' या शब्दात 'स्'च्या दोन्ही बाजूंना ठिपके येतात, कारण त्या व्यंजनावर शब्दाचा अवयव, म्हणजे एका झटक्यात उच्चारला जाणारा तुकडा, संपतो. ही सवय रेटिक लेखावर लादू नका.

३. ठिपके नसतील तर प्रत्यय शोधा. पुरुषाच्या पितृनामाला (बापाच्या नावावरून आलेल्या नावाला) शेवटी -नु, स्त्रीच्या -ना. क्रियापदाला -के किंवा -कु. चेंब्रा इथे सापडलेल्या ब्राँझच्या बादलीवर 'फेल्ना विनुतालिना' असे वाचले जाते. त्यातले दुसरे पितृनाम, म्हणजे शब्द कुठे संपतो हे -ना सांगतो. माझ्या मते या कामात ठिपक्यापेक्षा प्रत्ययाचाच पुरावा भक्कम.

४. जोडलेली अक्षरे सोडवा. ही विरळच भेटतात. दोन अक्षरे एकच उभा दांडा वाटून घेतात. समजा रोमन N सारख्या 'न'चा शेवटचा दांडा पुढच्या 'ए'चाही दांडा झाला, तर दात त्याच दांड्याला चिकटलेले दिसतील. लेख उजवीकडून असेल तर उजवे अक्षर आधी वाचा. आपल्या जोडाक्षरात पहिल्या व्यंजनाचा स्वर जातो. इथे उच्चाराला धक्का लागत नाही, फक्त जागा किंवा मेहनत वाचते. रेघा मोजा: सुटी केलेली दोन्ही अक्षरे पुरी होत असतील तरच जोड माना. एखादी रेघ उरली, तर ती बहुधा कोरणाऱ्याची दुरुस्ती किंवा नुसता ओरखडा.

५. उतरवून घ्या. जोडलेल्या अक्षरांवर कमान काढा, अस्पष्ट अक्षराखाली टिंब द्या, गेलेला भाग चौकटी कंसात टाका. अस्पष्टतेचे टिंब अक्षराच्या खालीच राहू द्या. ते ओळीत सरकले की वाचणारा त्याला शब्द तोडणारा ठिपका समजतो.

सान्झेनो इथे सापडलेल्या लोखंडी अवजारांवर एकटीच फुली किंवा एकटेच अक्षर असते. तिथे हे काही करू नका; ती बहुधा नुसती मालकाची किंवा कारागिराची खूण.