शाळेत कलमा पढवतात म्हणे! इंग्लंडात नव्यानं आलेल्या कोल्हापूरकरांसाठी

पोराला शाळेत घालून महिना होत नाही तोवर गावाकडच्या ग्रुपवर फॉरवर्ड येतो: तिकडं शाळेत नमाज शिकवतात, पोरींना डोकं झाकायला लावतात. पाठवणारा राजारामपुरीतून हललेला नसतो आणि व्हिडिओ कुठल्या देशातला हेही धड कळत नसतं. तरी रात्री आई-बाबांची झोप उडते आणि सकाळी शाळेला तावातावानं मेल जातो. तो मेल जरा थांबवा.

ज्या तासात हे धर्म येतात त्याचं नाव रिलिजस एज्युकेशन, म्हणजे धर्मशिक्षण, बोलताना आर.ई. राष्ट्रीय अभ्यासक्रमात तो नाही, तरी सरकारी शाळांत सक्तीचा आहे. कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या, शाळांत काय शिकवायचं ते त्या भागापुरतं ठरतं. ठरवायला चार गट बसतात: चर्च ऑफ इंग्लंड, बाकीचे पंथ आणि धर्म, शिक्षक संघटना, कौन्सिल. दर पाच वर्षांनी फेरतपासणी होते. 1996 चा शिक्षण कायदा सांगतो, की देशाची परंपरा मुख्यतः ख्रिस्ती आहे हे अभ्यासक्रमात दिसलं पाहिजे आणि इतर प्रमुख धर्मही आले पाहिजेत. त्या 'इतरां'त इस्लाम आहे, तसे आपण हिंदूही आहोत. ओरडणाऱ्यांना आणखी एक गोष्ट माहीत नसते: कायद्यानं शाळेत रोज सामूहिक उपासना हवी आणि तिचं स्वरूप मोठ्या अंशी ख्रिस्ती हवं. लादण्याचाच हिशेब मांडायचा तर आधी तिथून मांडा. निकाल चांगला म्हणून चर्चची शाळा धडपडून मिळवणारे आणि वर्कशीटवर मशिदीचं चित्र दिसलं की हादरणारे, दोन्ही आपलेच.

आता तपासायचं कसं. पहिल्यांदा वही उघडा. 'मुसलमान असं मानतात' आणि 'आपण असं मानतो' या दोन वाक्यांतला फरक बघा. सगळी मेख तिथं आहे. इस्लामच्या पाच स्तंभांची नावं चाचणीसाठी पाठ करणं म्हणजे कलमा पढणं नव्हे. वर्गात जानमाज (नमाजाची चटई), रेहलवर (पोथी ठेवायच्या घडीच्या लाकडी स्टँडवर) ठेवलेलं कुराण, टोपी दाखवतात; दिवाळीच्या धड्याला त्याच कपाटातून पणती, घंटा आणि गणपतीची मूर्ती निघते. मग शाळेच्या वेबसाइटवर त्या इयत्तेचा आर.ई.चा आराखडा काढा. तरी शंका राहिली तर वर्गशिक्षकांना तीनच प्रश्न विचारा: हा घटक किती आठवड्यांचा, आधी-नंतर कुठला धर्म, आणि मुलांनी काही कृती करून दाखवायची होती का? तिसऱ्याचं उत्तर 'हो' आलं, म्हणजे सजदा (नमाजात कपाळ जमिनीला टेकवणं) करून दाखवायला सांगितलं असेल, तर शांतपणे सांगा की आमचं मूल बघेल, करणार नाही. त्याला भांडण लागत नाही.

शाळाही चुकतात. 2013 साली स्टॅफर्डशायरमधल्या एका प्राथमिक शाळेनं पालकांना कळवलं, की इस्लामवरच्या सहलीला मूल आलं नाही तर त्याच्या नोंदीत वांशिक भेदभावाचा शेरा पडेल. पालक उठले आणि शाळेला ते पत्र मागं घ्यावं लागलं. असं पत्र आलं तर जपून ठेवा आणि थेट हेडटीचरकडं जा, तिथं भागलं नाही तर शाळेच्या गव्हर्नरांकडं, म्हणजे नियामक मंडळाकडं. व्हॉट्सॲपवर नको.

मशिदीच्या सहलीला बूट काढावे लागतात, मुलींना बऱ्याचदा स्कार्फ न्यायला सांगतात. लंडनमधल्या नीसडनच्या स्वामिनारायण मंदिरात गोऱ्या पोरांच्या सहली येतात, तीही बूट काढतात. हिंदू होऊन घरी जात नाहीत. आणि ज्या गावच्या तालमींत गणपती आणि मोहरमचे पंजे एका मांडवात बसले, त्या गावच्या माणसानं एवढं भ्यावं?

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे फॉरवर्ड वाचून मुलाला आर.ई.तून काढणं. हक्क आहे, 1998 च्या कायद्याच्या कलम 71 नं दिलेला. हेडटीचरला लेखी कळवायचं, कारण द्यायची गरज नाही. पण पुढचं ऐका. मूल बाजूला बसतं. शाळेनं लक्ष ठेवायचं एवढंच, दुसरं काही शिकवायला ती बांधील नाही. 'सगळ्यातून काढा' लिहिलंत तर दिवाळीचा धडाही गेला, आणि वर्गात आपलंच पोर जो सण समजावून सांगू शकलं असतं तो कुणीतरी पुस्तकातून वाचून दाखवणार. इतिहासात, इंग्रजीत इस्लाम आला तर त्यातून सुटका नाहीच. शिवाय बाहेर बसणारं पोर वर्गाच्या नजरेत भरतं आणि मित्र कारण विचारतात. वही न बघता हे पत्र लिहू नका. लिहायचंच तर नेमका भाग लिहा: अमुक सहल, अमुक कृती. वेल्समध्ये नव्या अभ्यासक्रमात हा हक्कच ठेवलेला नाही, तिकडं घर घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

जेवणात हलाल आहे का, ते ऑफिसला विचारा. नको असेल तर शाकाहारी घ्या नाहीतर डबा द्या. गावाकडं तांबड्या रश्श्याचं मटण कुठल्या दुकानातून यायचं, तेही एकदा घरी विचारून बघा.

रमजानात रोजा धरणारी मुलं दुपारी वेगळी बसलेली दिसतील. तुमच्या मुलाच्या डब्यावर बंदी नसते. ईदला त्यांना सुट्टी दिली म्हणून कुरकुरू नका. धार्मिक सणाच्या गैरहजेरीसाठी हजेरीपटात 'आर' हा कोड आहे आणि तो आपल्यालाही लागू आहे. लक्ष्मीपूजन शाळेच्या दिवशी येत असेल तर आधीच हेडटीचरला तारखेसह लेखी कळवा. आदल्या रात्री फोन करून भागत नाही.