वर्गासाठी ऑफिस सॉफ्टवेअर: कॉम्प्युटरवरचं घ्यायचं की ऑनलाईन वापरायचं?

आधी सॉफ्टवेअर बाजूला ठेवा आणि एका कागदावर गेल्या महिन्यात तुम्ही आणि मुलांनी कॉम्प्युटरवर नेमकं काय काय केलं ते लिहून काढा. प्रश्नपत्रिका, मार्कांचा तक्ता, पालकांना पत्रं, गटाचा प्रोजेक्ट, जे असेल ते. बरेच जण उलटं करतात, आधी सगळ्यांची अकाउंट उघडतात आणि मग बघत बसतात की आपलं काम यात होतंय का.

आता प्रत्येक कामापुढे लिहा, फाईलला हात एकाचा लागतो की बऱ्याच जणांचा. निम्मा निर्णय इथेच होतो.

एकट्याचं काम असेल तर माझं मत सरळ आहे, कॉम्प्युटरवरचं वापरा. वर्ड-एक्सेलला पैसे पडत असतील तर लिबरऑफिस आहे, २०१० पासून चालू आहे, फुकट आहे आणि नेट लागत नाही. पालकांच्या पत्रांचंच बघा, नावं आणि मार्क एका शीटमध्ये, पत्राचा मजकूर दुसरीकडे, मेल मर्ज केलं की प्रत्येकाचं वेगळं पत्र तयार. गूगल डॉक्समध्ये, म्हणजे गूगलच्या ऑनलाईन वर्डसारख्या सॉफ्टवेअरमध्ये, हे असं सरळ होत नाही, ॲड-ऑन म्हणजे वरून जोडायची वेगळी सोय शोधत बसावं लागतं. एक्सेलमध्ये कुणी जुने मॅक्रो (एका बटणावर ठरलेली कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्रॅम) लिहून ठेवले असतील तर तेही ब्राउझरमधल्या एक्सेलात चालत नाहीत, फाईल उघडते पण बटण दाबलं की ढिम्म.

गटाच्या कामाला मात्र ऑनलाईनच, कारण सगळे एकाच फाईलमध्ये काम करतात. पेन ड्राईव्हवर 'प्रोजेक्ट फायनल', 'फायनल २', 'खरंच फायनल' अशा फायली ज्याने गोळा केल्यात त्याला जास्त सांगायला नको. चाचणी घ्यायची तर गूगल फॉर्म बनवा, त्यात क्विझ चालू करा, बरोबर उत्तरं भरून ठेवा, पर्यायी प्रश्नांचे मार्क फॉर्मच देतो आणि शीट जोडली की उत्तरं तिच्यात येऊन पडतात.

पण एक चूक मी केलीये ती तुम्ही करू नका. अख्ख्या वर्गाला एकाच डॉक्युमेंटची लिंक दिली, सगळ्यांना एडिटची परवानगी, आणि पाचव्या मिनिटाला कुणीतरी सगळं सिलेक्ट करून डिलीट मारलं, वर्गात नुसता गोंधळ. फाईल मेनूत व्हर्जन हिस्टरी असते, तिथून आधीची प्रत परत आणली, आणि कुठल्या अकाउंटवरून उडवलं तेही दिसलं (तो आधीच खाली मान घालून बसला होता). तेव्हापासून मी फाईल फक्त बघण्यापुरती शेअर करतो आणि लिंकमध्ये शेवटी इंग्रजीत 'एडिट' असतं ते आणि त्याच्या पुढचं सगळं खोडून इंग्रजीतच 'कॉपी' लिहितो, मग लिंक उघडली की प्रत्येकाला स्वतःची प्रत करायला सांगते.

नेट गेलं तर काय, हे आधीच करून बघा. गूगल डॉक्स ऑफलाईन चालतं पण ते सेटिंग नेट असतानाच चालू करून ठेवावं लागतं, आणि तेही प्रत्येक मशीनवर. जागेचंही बघा, फुकटच्या गूगल अकाउंटला १५ जीबी मिळतात पण त्यात मेल आणि फोटोही आले, मायक्रोसॉफ्टच्या वनड्राईव्हला फुकटात ५ जीबी. लिहिण्याला पुष्कळ झाले, व्हिडिओ टाकायला लागलात की संपले. आणि १३ वर्षांखालच्या मुलांना स्वतःचं अकाउंट काढता येत नाही, शाळेचं नाहीतर पालकांकडून लागतं, हे सत्र सुरू व्हायच्या आधीच बघून ठेवा.

शेवटी एक चाचणी कराच. तुमची सगळ्यात किचकट फाईल घ्या, म्हणजे तक्ता, चित्र, गणिताची सूत्रं आणि मराठी मजकूर असलेली, ती दोन्हीकडे उघडा आणि प्रिंट काढून शेजारी शेजारी ठेवा. चित्र सरकलेलं असेल, तक्ता दुसऱ्या पानावर गेला असेल, ते तिथेच कळतं. मराठी मजकूर जुन्या, युनिकोड (सगळ्या मशीनवर मराठी सारखंच दिसावं अशी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये असेल तर ऑनलाईन तो इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसेल, तेव्हा आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

मी स्वतः प्रश्नपत्रिका लिबरऑफिसमध्ये करतो, मुलांचं काम ऑनलाईन घेतो, आणि छापायला जे काही जातं ते पीडीएफ करूनच, कारण दुसऱ्याच्या मशीनवर तुमचा फॉन्ट नसला की तीन पानांची प्रश्नपत्रिका चार पानांची होते.