सर्पदंशाचा हातसराव: पावसाळ्याआधीची एक सकाळ कशी आखावी

लावणी सुरू झाली की कोकणातल्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) पान लागलेले, म्हणजे साप चावलेले, पेशंट वाढतात. त्यामुळे हा सराव मे महिन्यातच उरकून घ्यावा. निवासी डॉक्टर, पीएचसीचे एमओ (वैद्यकीय अधिकारी), उपकेंद्रांचे सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आणि स्टाफ नर्स असे 12 जण, चौघांचे तीन गट आणि चार तास एवढं पुरतं. स्लाइड नकोत. एएसव्हीच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाच्या, दहा व्हायल (बाटल्या) द्यायच्या हे सगळ्यांना पाठ असतं. चुका होतात त्या नळीत, सिरिंजमध्ये आणि घड्याळात.

सुरुवात रक्त गोठतं का ते बघणाऱ्या वीस मिनिटांच्या टेस्टने करा, म्हणजे नळ्या टेबलावर थांबलेल्या असताना पुढचं काम चालू राहतं. गटातल्या एकाने राजीखुशीने रक्त द्यावं. चार नळ्या मांडा: एक नवी कोरडी काचेची, एक साबणाने धुतलेली काचेची, एक प्लास्टिकची, आणि चौथी काचेचीच, पण तिच्यात ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेल्या बल्बमधलं रक्त. प्रत्येकीत 2 मिली. पहिल्या तिन्हींत ताजं शिरेतलं रक्त, सिरिंजमधून लगेच ओतलेलं. नळीवर वेळ लिहा, स्टँडला लावा आणि हात मागे घ्या. अधूनमधून हलवून बघायचा मोह इथेच मोडायचा असतो. बरोबर 20 मिनिटांनी एकदाच तिरकी करा.

नवी काचेची नळी गोठलेली दिसेल. काच रक्ताला गोठायला चालना देते. प्लास्टिक ती देत नाही, आणि साबणाचा अंश गोठण्याच्या आड येतो. म्हणून त्या दोन नळ्यांत निरोगी माणसाचं रक्तही पातळ राहू शकतं आणि गरज नसलेल्या पेशंटला एएसव्ही चढतं. एखाद्या वेळी त्याही गोठतील. तेव्हा 'मग चालतं की' असा निष्कर्ष कोणाला काढू देऊ नका. ईडीटीएची नळी ठेवायची ती न गोठलेलं रक्त तिरक्या नळीत कसं पाण्यासारखं सरकतं हे डोळ्यांत बसावं म्हणून. लेबर रूममध्ये नव्या नळ्यांचं वेगळं पाकीट आणि भिंतीवर चालू घड्याळ आहे का, तेही त्याच दिवशी पाहून घ्या.

रक्त गोठलं म्हणून पेशंटला घरी पाठवायचं नाही. पहिले तीन तास दर तासाला टेस्ट, मग 24 तासांपर्यंत दर सहा तासांनी. सड्यावर (कातळाच्या माळावर), गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) चिऱ्यांत हात घालताना फुरसं हा छोटा विषारी साप चावतो, आणि एवढंसं जनावर म्हणून ते हलक्यात घेतलं जातं. पेशंट चालत येतो, गप्पा मारतो, आणि त्याच वेळी त्याचं रक्त नळीत गोठत नसतं. घोणसही रक्तच बिघडवते, शिवाय किडनीवर जाते, म्हणून लघवी किती झाली आणि रंग काय होता हे लिहायची सवय लावा. सूज कुठपर्यंत चढली तिथे पेनने रेघ आणि वेळ. रक्त दंश न झालेल्या हातातून, कोपराच्या शिरेतून घ्यायचं. जांघेत सुई नको.

दुसऱ्या टेबलावर एएसव्ही विरघळवणं. फार्मासिस्टकडून मुदत संपलेल्या व्हायल घ्या आणि प्रत्येकीवर 'फक्त सरावासाठी' अशी मोठी चिठ्ठी लावा. एका व्हायलमध्ये 10 मिली पाणी काचेच्या कडेने सोडा आणि तळहातांत धरून गोल फिरवा. जोरात हलवलं की फेस येतो, औषध फेसात अडकतं आणि सिरिंजमध्ये हवा भरते. दहा व्हायल एकट्याने करायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून मोजा, मग दोघांनी मिळून करा. फरक पाहिल्यावर हाक मारायला कोणी लाजत नाही. 500 मिली सलाईनमधून 100 मिली काढून हे 100 मिली घाला. तासाभरात संपवायचं तर मिलीला 20 थेंब पाडणाऱ्या सेटने मिनिटाला 167 थेंब पडतात, म्हणजे 15 सेकंदांत साधारण 42. सेट 15 थेंबांचा असला तर 15 सेकंदांत 31. आकडा सेटच्या पाकिटावर छापलेला असतो, तो वाचायला लावा. लहान मुलाला व्हायल तेवढ्याच, कारण सापाने विष वजन बघून टोचलेलं नसतं. कमी करायचं ते सलाईन, किलोमागे 5 ते 10 मिली. त्वचेवर टेस्ट डोस देऊ नका. त्यावरून रिॲक्शनचा अंदाज येत नाही, वेळ मात्र जातो.

एएसव्ही टांगण्याआधी, त्याची रिॲक्शन आलीच तर म्हणून, ॲड्रेनॅलिन सिरिंजमध्ये भरलेलं हवं: मोठ्या माणसाला 0.5 मिली, म्हणजे 1 मिलीच्या अँप्यूलमधलं अर्धं. मुलाला किलोमागे 0.01 मिली, 12 किलोच्या पोराला 0.12 मिली. इन्सुलिनच्या सिरिंजवर युनिटच्या खुणा असतात आणि सुई आखूड, त्यामुळे ती या टेबलावर ठेवूच नका. खाज, पित्ताच्या गांध्या, उलटी, खोकला, बीपी घसरणं, यातलं काहीही दिसलं की ड्रिप बंद आणि इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. हात आधी हायड्रोकॉर्टिसोनकडे जातो. तो अडवायचा. रक्त न गोठणाऱ्याला स्नायूत टोचायचं नाही हे शिकलेले इथे अडखळतात. ॲड्रेनॅलिन हा त्याला अपवाद. पेशंट सावरला की ड्रिप हळू पुन्हा सुरू करा. विष अजून अंगात असतंच.

तिसरं टेबल मण्यार आणि नागाचं, म्हणजे पापण्यांचं आणि श्वासाचं: यांच्या विषाने पापण्या पडतात आणि श्वास थकतो. एका श्वासात किती आकडे मोजता येतात ते दर 15 मिनिटांनी लिहा. आकडा उतरत चालला की अँब्यू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) उशाला घ्या. मण्यारीत अनेकदा दंशाची खूण सापडत नाही. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखतं म्हणून येतो आणि ॲसिडिटीचं इंजेक्शन घेऊन परत जातो. म्हणून पोटदुखीच्या प्रत्येक पहाटेच्या पेशंटला वर बघायला सांगून पापण्या पाहायची सवय इथे लावा. बॅगेचा सराव दोघांनी: एकाने दोन्ही हातांनी मास्क धरायचा, दुसऱ्याने दर 5-6 सेकंदांनी दाबायची. हे 20 मिनिटं सलग करायला लावा. ॲम्ब्युलन्समध्ये अदलाबदल का लागते ते मनगटं सांगतात.

शेवटच्या तासात पूर्ण केस. पेशंट झालेल्याच्या पोटरीवर सुतळी करकचून बांधा, आणि नातेवाइकाने एवढंच म्हणायचं: "बापाशीक पान लागला." सापाचं नाव घ्यायचं नाही म्हणून असं बोलतात, घाटावरून आलेल्या निवासी डॉक्टरला ते समजेलच असं नाही, आणि सरावातली पाच मिनिटं त्यातच गेलेली परवडतात. सुतळी बघताक्षणी कापणाऱ्याला थांबवा, कारण बंध एकदम सुटला की अडलेलं विष अचानक अंगभर जाऊ शकतं. आधी शिरेत सलाईनची सुई, ॲड्रेनॅलिन व एएसव्ही हाताशी आणि बॅग-मास्क उशाला, मग बंध हळूहळू सैल.

पकडलेला साप कोणी बरणीतून आणला तर फोटो घ्या, हाताळू नका. हिरवा चापडा (झाडावरचा हिरवा विषारी साप) निघाला तर लक्षात ठेवा, आपलं एएसव्ही नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठीच बनतं.

केस संपवायची ती रेफर करून. दंशाची वेळ, प्रत्येक नळीची वेळ व निकाल, एएसव्ही कधी सुरू झालं, किती व्हायल गेल्या, शेवटचा श्वासाचा आकडा, एवढं पाठीमागच्या पानावर न जाता एका बाजूला मावलं पाहिजे. ते फोनवर मोठ्याने वाचायला लावा, जणू पलीकडे ओरोसच्या जिल्हा रुग्णालयाची किंवा गोव्यातल्या बांबोळीच्या मेडिकल कॉलेजची कॅज्युअल्टी आहे. एएसव्ही सुरू केल्यापासून सहा तासांनी पुन्हा नळी लावायची असते, आणि ते सहा तास कधी भरतात हे चिठ्ठीवर घड्याळाच्या वेळेत लिहिलेलं हवं.