वसंतातल्या हिमवादळाचा अंदाज कसा बांधावा: कोलोरॅडोचे डोंगर आणि मैदान

डेन्व्हरमध्ये सगळ्यात जास्त बर्फ जानेवारीत पडत असेल, असं इथे नव्याने आलेल्या प्रत्येकाला वाटतं. तो मान खरा मार्चचा. 2003 च्या मार्चमध्ये एकाच वादळात इथे 31.8 इंच बर्फ पडला, 2021 च्या मार्चमध्ये 27.1 इंच. 13 मार्च 2019 ला मात्र विमानतळावर 7 इंचांच्या आसपासच पडला, आणि तरीही तो दिवस इथले लोक विसरत नाहीत. वाऱ्याचे झोत ताशी 129 किलोमीटरवर गेले, धावपट्ट्या बंद झाल्या, दक्षिणेकडच्या एल पासो काउंटीत हजाराहून जास्त गाड्या रस्त्यातच अडकल्या. अडकलेल्यांच्या मदतीला थांबलेल्या एका महामार्ग पोलिसाचा त्यात जीव गेला.

म्हणून वादळाची चाहूल लागली की मी "किती इंच?" हा प्रश्न शेवटी विचारते. आधी वारा कुठून येणार ते पाहते. घरबसल्या, फुकट मिळणाऱ्या नकाशांवरून हे कुणालाही जमतं. कसं, ते क्रमाने सांगते.

1. आधी जमीन ओळखा

डेन्व्हर 1609 मीटर उंचीवर आहे. शहराच्या पश्चिमेला रॉकी पर्वताची भिंत आहे, चार हजार मीटरच्या वर जाणारी. पूर्वेला मैदान हळूहळू उतरत कॅन्ससपर्यंत जातं. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला हे लगेच कळेल. पावसाळ्यात अरबी समुद्रावरचा वारा घाट चढतो, थंड होतो, महाबळेश्वरला कोसळतो आणि खाली वाईला पोचेपर्यंत कोरडा होतो. इथेही तेच घडतं, फक्त दोन्ही बाजूंनी. पश्चिमेचा वारा आला की पलीकडच्या उतारावर बर्फ पडतो आणि डेन्व्हर पर्जन्यछायेत जातं. वारा पूर्वेचा किंवा ईशान्येचा झाला की मैदानच चढण होतं, आणि भिंतीच्या अलीकडे, म्हणजे आमच्या अंगणात, बर्फाचा ढीग लागतो. मेक्सिकोच्या आखातातलं बाष्प येऊन मिळालं तर विचारायलाच नको.

मोठ्या भिंतीला काटकोनात दोन छोटे उंचवटेही आहेत: डेन्व्हर आणि कोलोरॅडो स्प्रिंग्ज यांच्या मधला पामर डिव्हाइड आणि उत्तरेला वायोमिंगच्या सीमेवरचा शायान रिज. उत्तरेचा वारा शायान रिजवरून उतरतो तेव्हा फोर्ट कॉलिन्सला अनेकदा कोरडं ठेवतो आणि पामर डिव्हाइडच्या उत्तर उतारावर चढून बर्फ पाडतो. तासाभराच्या अंतरावरच्या दोन गावांत 3 इंच आणि 20 इंच असा फरक पडतो, तो यामुळे.

2. पाच ते सात दिवस आधी: फक्त शक्यता मोजा

500 हेक्टापास्कल (हवेच्या दाबाचं एकक) पातळीचा नकाशा उघडा. हा साधारण साडेपाच किलोमीटर उंचीवरचा. कॅलिफोर्नियाकडून कमी दाबाचा एखादा खोल खळगा नैर्ऋत्य अमेरिकेत उतरताना दिसतो का पाहा. मग अमेरिकन जीएफएस आणि युरोपियन मॉडेल या दोन संगणकी हवामान-मॉडेलांच्या एन्सेम्बल धावा पाहा. सुरुवातीची आकडेवारी जराशी बदलून एकच मॉडेल पुन्हा पुन्हा चालवलेलं असतं. युरोपियन मॉडेलच्या अशा 51 धावा असतात. त्यांतल्या 40 मध्ये वादळ असेल तर लक्ष ठेवायचं. 10 मध्ये असेल तर नोंद करून कामाला लागायचं. या टप्प्यावर इंचांचा रंगीत नकाशा कुणाला पाठवू नका. तो दिवसातून चार वेळा बदलतो, आणि लोकांच्या लक्षात राहतो तो मात्र सगळ्यात भडक.

3. तीन-चार दिवस आधी: केंद्र कुठून जातंय?

सगळा अंदाज या एका प्रश्नावर उभा आहे, म्हणून इथे वेळ घालवा.

कमी दाबाच्या केंद्राभोवती इथला वारा घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. केंद्र कोलोरॅडोच्या आग्नेय कोपऱ्यात, लमारच्या आसपास आलं, की डेन्व्हर त्याच्या वायव्येला पडतं आणि वारा ईशान्येकडून किंवा उत्तरेकडून येतो. बर्फासाठी ही सगळ्यात पोषक मांडणी. हेच केंद्र वायोमिंगमधून गेलं तर डेन्व्हरला पश्चिमेचा कोरडा वारा, धूळ, कधी वणव्याचा इशारा. फार दक्षिणेला, टेक्सासकडे सरकलं तर बर्फ पुएब्लोच्या बाजूला जातो. नकाशावर हा फरक दीड-दोनशे किलोमीटरचा असतो, आणि चार दिवस आधी मॉडेलांची चूकही सहज तेवढी असते.

दुसरी गोष्ट वेगाची. वरच्या थरातला भोवरा मुख्य प्रवाहापासून तुटून एकटा पडला तर तो रेंगाळतो. 2003 चं वादळ असंच दोन-तीन दिवस ठाण मांडून बसलं होतं. डोंगरातल्या रोलिन्सव्हिलला 87 इंच पडला. भरधाव निघून जाणारं वादळ खोल असूनही कमी बर्फ देतं. 2021 मध्ये वेग चुकला होता: शुक्रवारी सुरू होणार म्हणून दुकानं रिकामी झाली, शनिवारी लोक आकाशाकडे बघत बसले, आणि खरा जोर शनिवारी रात्रीपासून रविवारी आला. एकूण बर्फाचा अंदाज मात्र बऱ्यापैकी बरोबर होता. उशीर झाला म्हणजे वादळ टळलं, असं समजू नका.

मान्सूनसाठी 850 हेक्टापास्कलचे नकाशे बघायची सवय आपल्यापैकी अनेकांना असते. डेन्व्हरसाठी ते सोडून द्या, कारण इथे तो थर जमिनीखाली असतो आणि नकाशावरचे आकडे केवळ गणिताने भरलेले असतात. इथे 700 हेक्टापास्कल वापरा, म्हणजे साधारण तीन किलोमीटरची उंची.

4. पाऊस की बर्फ: माठाचा नियम

थर्मामीटर 5 अंश दाखवतोय, म्हणजे पाऊसच पडणार, हा एप्रिलमध्ये हमखास फसवणारा अंदाज. माठातलं पाणी बाष्पीभवनाने गार होतं, तशीच कोरड्या हवेतून पडणाऱ्या थेंबांनी हवा गार होते. तापमान 5 आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतलं बाष्प दव होऊ लागतं) उणे 5 असेल, तर हवा ओली होता होता 1 अंशाच्या आसपास येते. पुढे जोराचा वर्षाव असेल तर वितळणारे हिमकण उरलेली उष्णता काढून घेतात आणि पारा शून्यावर टेकतो. म्हणून तापमानाऐवजी ओल्या फुग्याचं तापमान (वेट बल्ब), म्हणजे बाष्पीभवनाने हवा जास्तीत जास्त जितकी गार होऊ शकते ते, पाहा. बहुतेक नकाशांच्या संकेतस्थळांवर ते असतं. ढोबळ हिशेब हवा असेल तर शून्य अंशाच्या उंचीखाली साधारण 300 मीटरपर्यंत बर्फ टिकतो.

5. पाण्याचे इंच आणि बर्फाचे इंच

मॉडेलचा खरा अंदाज पाण्याचा असतो. त्याला 10 ने गुणून बर्फ दाखवणारे नकाशे सगळीकडे फिरतात. जानेवारीच्या भुसभुशीत बर्फाला 15 ने गुणावं लागतं, वसंतातल्या ओल्या बर्फाला कधी 6 नेच. दीड इंच पाण्याचे 15 इंच होतील की 9, हे तुम्ही ठरवायचं. मार्चचं ऊनही विसरू नका: दुपारी हलका बर्फ रस्त्यावर पडता पडताच वितळतो. तासाला इंच-दोन इंच पडायला लागला की मात्र उन्हाचं काही चालत नाही.

वजनाचा हिशेबही करून ठेवा. एक इंच पाणी म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे 25 किलो. 2003 मध्ये डेन्व्हर विमानतळाचं कापडी छत या भाराने फाटलं होतं. मे महिन्यात झाडांना पालवी असताना असा बर्फ आला तर फांद्या मोडतात, तारा तुटतात आणि वीज जाते.

6. वारा: मैदानातला खरा धोका

नॅशनल वेदर सर्व्हिसच्या, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी हवामान खात्याच्या, व्याख्येत ब्लिझर्डला इंचांची अट नाही. ताशी 56 किलोमीटर किंवा अधिक वारा, पडणाऱ्या किंवा उडणाऱ्या बर्फामुळे 400 मीटरपेक्षा कमी दृश्यमानता, आणि हे सलग तीन तास. बस. 4 इंचांतही ब्लिझर्ड होतो.

समदाब रेषा, म्हणजे सारख्या दाबाची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, किती दाटीने आल्या आहेत ते पाहा. रेषा जितक्या जवळ, वारा तितका तुफान. मग केंद्र किती वेगाने खोल होतंय ते पाहा. 2019 मध्ये लमारला दाब 970 मिलिबारच्या (म्हणजेच हेक्टापास्कलच्या) आसपास उतरला, कोलोरॅडोसाठी विलक्षण कमी, आणि कोलोरॅडो स्प्रिंग्जला ताशी 155 किलोमीटरच्या आसपास झोत आले. शेवटी 700 हेक्टापास्कलचा वारा. डेन्व्हरच्या डोक्यावर तो जेमतेम दीड किलोमीटर उंच असतो. हवा घुसळली गेली की त्यातला बराच वेग झोतांच्या रूपाने जमिनीवर येतो.

वेळ नीट ठरवा. सकाळी पाऊस, दुपारी ओला बर्फ, संध्याकाळी पारा घसरून कोरडा बर्फ आणि त्याच वेळी वाऱ्याचा कळस, असा क्रम वारंवार दिसतो. ओला बर्फ जागेवर चिकटतो, कोरडा उडतो. डेन्व्हरहून लायमनमार्गे कॅन्ससकडे जाणाऱ्या आय-70 महामार्गावर वारा अडवायला झाड नाही, डोंगर नाही. तिथे गाडीच्या बॉनेटपुढचं दिसत नाही. संध्याकाळी त्या रस्त्याने निघायचं कुणी ठरवलं असेल तर तुमच्या अंदाजाचा सगळ्यात मोठा उपयोग त्याला थांबवण्यात आहे. आपली कितीतरी मुलं मार्चच्या सुट्टीत पहिल्यांदाच या मैदानात गाडी चालवत असतात.

7. डोंगरासाठी वेगळा कागद

प्रत्येक रांगेला तिचा वारा असतो. नैर्ऋत्येचा वारा सान वान डोंगरांना, वायव्येचा स्टीमबोट आणि व्हेलला, पूर्वेचा एस्टेस पार्क आणि नेदरलँड या गावांना. डोंगरात जायचं असेल तर कोलोरॅडोच्या हिमस्खलन माहिती केंद्राचा रोजचा अहवाल आधी वाचा. माझा किंवा तुमचा अंदाज त्याची जागा घेऊ शकत नाही.

8. शेवटचे चोवीस तास

आता मोठी मॉडेल बाजूला ठेवा आणि दर तासाला नवं येणारं एचआरआरआर हे पुढच्या काही तासांसाठीचं मॉडेल पाहा. वसंतात सकाळी आणि संध्याकाळी 6 च्या वेळचे हवामान फुग्याचे निष्कर्ष पाहा: हवा किती कोरडी, शून्य अंश किती उंचीवर. नॅशनल वेदर सर्व्हिसच्या बोल्डर, पुएब्लो, शायान आणि गुडलँड कार्यालयांची सविस्तर टिपणं वाचा. त्यात हवामानतज्ज्ञ कशाबद्दल ठाम आहेत आणि कशाबद्दल साशंक, ते सरळ लिहितात. वादळ सुरू झालं की रडारपेक्षा रस्त्यांवरचे कॅमेरे आणि शेजारच्या विमानतळांच्या नोंदी अधिक सांगतात. वारा वायव्येकडून ईशान्येकडे वळला का? नाही वळला, तर तुमचे 15 इंच निम्म्यावर आणा.

अंदाज लिहिताना एक आकडा देऊ नका. "8 ते 14 इंच, केंद्र 80 किलोमीटर उत्तरेला सरकलं तर 3 ते 5, दुपारी 3 नंतर मैदानात ब्लिझर्ड" असं लिहा, तारीख-वेळ घालून, आणि नंतर खोडू नका.

9. मोजा

अंगणात, घरापासून आणि झाडांपासून दूर, पांढरा रंग दिलेली फळी ठेवा. सहा तासांपेक्षा लवकर झाडू नका, नाहीतर बेरीज फुगते. वाऱ्यात फळीवरचा आकडा खोटा ठरतो, तेव्हा आठ-दहा ठिकाणी मोजून सरासरी घ्या. 1997 च्या फोर्ट कॉलिन्सच्या पुरानंतर, 1998 मध्ये सुरू झालेल्या कोकोरॉझ या स्वयंसेवकांच्या जाळ्यात ही नोंद रोज पाठवता येते. मग सरळ कडांचं एक डबडं उलटं करून फळीवरच्या बर्फात दाबा, तेवढा बर्फ घरात आणून वितळू द्या, आणि त्याच डबड्यातल्या पाण्याची उंची मोजा. 12 इंच बर्फाचं दीड इंच पाणी झालं, तर तुमचं गुणोत्तर 8 होतं. ते वहीत तुमच्या अंदाजाच्या ओळीसमोर लिहा.