फोर्ट टॅक्सीने बघायला निघताय? या चुका टाळा

दक्षिण मुंबईतला फोर्ट भाग बघायला आलेले बरेच जण सीएसएमटीबाहेर पडल्या पडल्या दिवसभराची टॅक्सी ठरवतात. पैसे वाया जायला सुरुवात होते ती इथूनच. १८६० च्या दशकात इंग्रजांनी इथल्या जुन्या किल्ल्याची तटबंदी पाडली, पण बोरा बाजारसारख्या आतल्या गल्ल्या अरुंदच राहिल्या. मोठ्या रस्त्यांवरही गाडी उभी करून ठेवायला जागा मिळणे कठीण. चालक तुम्हाला उतरवून चकरा मारत राहतो, तुम्ही फोनवर त्याला शोधत राहता. शिवाय कोंडीत खोळंबलेल्या वेळेचेही भाडे मीटरवर चढते.

टॅक्सी लांबच्या टप्प्यांसाठीच ठेवा. सीएसएमटी ते हुतात्मा चौक हे साधारण एक किलोमीटर अंतर दादाभाई नौरोजी मार्गाने पायीच जा. तिथल्या इमारतींच्या तळमजल्यांना सलग कमानी आहेत, ऊन-पाऊस लागत नाही. गाडीत बसलात तर टपामुळे वरचे कोरीवकाम दिसतच नाही. निघण्याआधी पालिका मुख्यालयाच्या बाजूला उभे राहून स्थानकाचा घुमट बघा. या दोन्ही इमारती फ्रेडरिक स्टीव्हन्स यांनीच रेखाटल्या आहेत.

हुतात्मा चौकात उतरा

सगळ्यात जास्त वाईट वाटते ते इथे. टॅक्सी सिग्नलला थांबते, खिडकीतून १८६४ च्या फ्लोरा फाउंटनचा फोटो निघतो आणि गाडी पुढे जाते. शेजारचे हुतात्मा स्मारक बघायचे राहून जाते. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी याच परिसरात संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला. मुंबई महाराष्ट्राला मिळाली ती या चळवळीत जीव गमावलेल्या माणसांमुळे. मुले बरोबर असतील तर त्यांना खाली उतरवून हे सांगा, दहा मिनिटे पुरतात.

पुढे काळा घोडा. आज तिथे दिसतो तो २०१७ मध्ये बसवलेला, स्वाराविना असलेला घोडा. ज्याच्यावरून परिसराला नाव पडले तो ब्रिटिश राजा सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्येच हलवला गेला. आता तो भायखळ्याला, जिजामाता उद्यान आणि भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. टॅक्सीचे पैसे खर्च करायचेच असतील तर या फेरीवर करा, मात्र बुधवारी जाऊ नका. त्या दिवशी उद्यान आणि संग्रहालय दोन्ही बंद असतात.

विद्यापीठाचा घड्याळाचा मनोरा, राजाबाई टॉवर, रस्त्यावरून बघू नका, झाडे आड येतात. ओव्हल मैदानात शिरा. एका बाजूला टॉवर आणि उच्च न्यायालयाची टोकदार कमानींच्या गॉथिक शैलीतली रांग, दुसऱ्या बाजूला गोलाकार कोपऱ्यांच्या आर्ट डेको शैलीतल्या इमारती. युनेस्कोने २०१८ मध्ये जागतिक वारसा म्हणून निवडले ते या दोन्ही बाजूंना मिळून.

चालक नाही म्हणाला तर

संध्याकाळी कार्यालये सुटली की जवळचे भाडे नाकारले जाते, किंवा ठरावीक रक्कम मागितली जाते. बसण्याआधीच ‘मीटरने येणार का?’ असे विचारा. फेब्रुवारी २०२५ च्या दरवाढीत पहिल्या दीड किलोमीटरचे भाडे ३१ रुपये झाले. मध्यरात्री १२ ते पहाटे ५ पर्यंत २५ टक्के जास्त लागतात. मोटार वाहन कायद्यानुसार भाडे नाकारणे हा गुन्हा आहे, त्यामुळे गाडीचा नंबर टिपून वाहतूक पोलिसांकडे तक्रार करता येते. पण त्या वेळी घाईत असाल तर वाद घालत बसू नका. भुयारी मेट्रोने सीएसएमटीहून पुढचेच स्थानक हुतात्मा चौक आहे.

पत्ता सांगताना रस्त्याचे नाव सांगून भागत नाही, ‘म्युझियम’, ‘जीपीओ’ (मुख्य टपाल कार्यालय), ‘रिगल’ (चित्रपटगृह) अशी खूण सांगा. गेटवेच्या अगदी दारापर्यंत गाडी नेण्याचा हट्ट धरू नका. रिगलजवळ उतरून चालत जा, सुरक्षा तपासणीसाठी थोडा वेळ हाताशी ठेवा. बरोबर आजी-आजोबा असतील तर रविवारी सकाळी या. कार्यालये बंद असल्याने रस्ते मोकळे असतात आणि त्यांना हव्या त्या वास्तूसमोर आरामात उतरवता येते.