पोरगं अंडं थुंकतंय? आधी वास घालवा, मग रेसिपी बघा

दीड-दोन वर्षांचं पोर अंडं तोंडात घालून थुंकतं म्हणजे त्याला अंडं आवडतच नाही असं लगेच ठरवून टाकू नका, बऱ्याचदा त्याला तो वशट वास नको असतो नाहीतर रबरासारखं चावत बसायचा कंटाळा आलेला असतो, आणि या दोन्ही गोष्टी जास्त शिजवल्यामुळे होतात. म्हणजे मसाला बदलायच्या आधी आच बदलायची.

उकडलेल्या अंड्यापासूनच बघा ना. आपल्याकडे सकाळच्या घाईत बटाट्यांसोबत अंडी पण कुकरला लावतात, तीन शिट्ट्या होतात, आणि बलकाभोवती ते हिरवट-काळपट कडं येतं. पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह एकत्र येऊन ते होतं, खाल्लं तर काही होत नाही पण तो वास बाळाला लांबूनच कळतो. पाण्याला उकळी आली की अंडी चमच्याने हळूच सोडा, आच थोडी कमी करा, १० मिनिटं मोबाईलवर टायमर लावा आणि झालं की लगेच गार पाण्यात टाका. एवढंच. अर्धकच्चं मात्र एवढ्या लहान मुलांना अजिबात नको, साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूची भीती असते, बलक घट्ट झालेलाच हवा. आणि उकडलेला बलक नुसता भरवला तर घशात कोरडा बसतो, त्यामुळे मऊ भात, तूप आणि वरणात कुस्करून द्यायचा.

बुर्जी करायची तर स्टेशनबाहेरच्या गाडीवर मोठ्या आचेवर खरवडतात तशी नको. एका अंड्याला दोन चमचे दूध घालून फेटा, तव्यावर अगदी थोडं तूप, आधी बारीक चिरलेला टोमॅटो मऊ करा, मग अंडं ओतून मंद आचेवर सावकाश हलवत राहा, ओलसर असतानाच गॅस बंद करायचा पण कच्चा पातळपणा दिसायला नको. कांदा सुरुवातीला नको, दाताखाली आला की सगळा घास बाहेर.

स्वतःच्या हाताने खायचा हट्ट असेल तर आप्पेपात्र काढा, माझ्या मते यासारखं भांडं नाही. दोन अंडी, किसलेलं गाजर, एकदम बारीक चिरलेला पालक, चिमूटभर मीठ, हवं तर किसलेलं चीज, सगळं एकत्र फेटून खळग्यात अर्ध्याच्या थोडं वर भरायचं कारण ते फुगतं, झाकण ठेवून मंद आचेवर तीन-चार मिनिटं आणि मग उलटून परत थोडा वेळ. सात-आठ आप्पे होतात. द्यायच्या आधी चार तुकडे करा, अख्खा आप्पा तोंडात कोंबायची सवय असते या वयात, आणि बसवूनच भरवा, घरभर पळत असताना नाही.

गोडखाऊ पोरांसाठी एक वेलची केळं कुस्करून त्यात एक अंडं आणि दोन चमचे नाचणीचं पीठ, वेलचीपूड घालून छोटी छोटी धिरडी काढा. साखर लागतच नाही आणि केळं-वेलचीपुढे अंड्याचा वास टिकत नाही. नाचणीमुळे कॅल्शियम मिळतं ते वेगळंच.

टोमॅटोचं सार आवडत असेल तर अजून सोपं, सार उकळत असताना फेटलेलं अंडं बारीक धारेने सोडत चमच्याने गोल फिरवा, त्याच्या दोऱ्या दोऱ्या होतात, बाळ बोटांनी उचलून खातं. अंड्यातलं लोह तसं अंगाला कमीच लागतं, सोबत टोमॅटो किंवा लिंबू असलं तर बरं.

आणि कस्टर्ड, इराण्याकडे मिळतं तसं पण कॅरॅमल न करता. एक अंडं, पाऊण कप कोमट दूध, खजुराची पेस्ट चमचा-दोन चमचे, चिमूटभर जायफळ, गाळून वाटीत घाला, वर झाकण, आणि मंद आचेवर १५ मिनिटं वाफवा. पाणी धडधडत उकळलं तर जाळी पडते आणि पाणी सुटतं.

किती द्यायचं हा प्रश्न सगळ्यांना असतो. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रोटीन असतं आणि एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला ११ ते १३ ग्रॅमच्या आसपास लागतं, म्हणजे एकच अंडं खाल्लं तरी भरपूर झालं. बलक काढून नुसतं पांढरं देऊ नका, कोलीन, व्हिटॅमिन डी सगळं बलकातच असतं. गावठी अंड्यासाठी दुप्पट पैसे मोजायची पण गरज नाही, कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर असतो, पौष्टिकतेवर नाही. आणि जेवणाआधी बाटलीभर दूध पाजलं असेल तर कुठलीच रेसिपी चालणार नाही, दिवसाला अर्धा लिटरच्या वर दूध नकोच.

पहिल्यांदाच देत असाल तर सकाळी, थोडंसंच द्या. अंगावर पित्तासारख्या गांधी, ओठ सुजणं, सारखी उलटी असं दिसलं तर पुढे देऊ नका आणि डॉक्टरांना विचारा, श्वासाला त्रास वाटला तर थेट हॉस्पिटल गाठा. आधीपासून एक्झिमा म्हणजे कोरड्या, खाजऱ्या चट्ट्यांचा त्रास जास्त असेल तर सुरू करण्याआधीच विचारलेलं बरं.

पाळणाघरात डबा देताना आप्पे किंवा धिरडी चालतील पण मुंबईच्या दमट हवेत दोन तासांच्या वर बाहेर नकोत, ताईंना सांगून फ्रिजमध्ये ठेवायला लावा. घरात गुरुवार, श्रावण पाळत असतील तर अंड्याचा तवा-वाटी वेगळी ठेवा, सासूबाईंशी रोजची कटकट वाचते, आणि त्या दिवसांत तीच नाचणी-केळ्याची धिरडी अंड्याऐवजी दूध घालून करा, थोडी तुटतात पण पोरं खातात.